दगडावरील वंशावळ : स्कॉटलंडमधील उपेक्षित चर्च-आवारे आणि बर्न्स कुटुंबाच्या पूर्वजांचा शोध

प्रस्तावना

मराठीत 'कूळ' हा शब्द वंश या अर्थाने वापरला जातो, तसाच दुसऱ्याची जमीन खंडाने कसणाऱ्या शेतकऱ्यासाठीही वापरला जातो. राजे, सरदार आणि वतनदार यांच्या वंशावळी सनदा, निवाडे व दानपत्रे यांच्या आधारे सिद्ध करता येतात. ज्यांच्या नावे जमीनच नव्हती अशा शेतकऱ्यांची वंशावळ मात्र कोठे शोधावी, हा इतिहासाच्या अभ्यासकापुढील जुना प्रश्न आहे. महाराष्ट्रातील अभ्यासक अशा वेळी तीर्थोपाध्यायांच्या वह्यांकडे वळतो. स्कॉटलंडमधील अभ्यासकाला गावाबाहेरच्या, गवताने वेढलेल्या जुन्या चर्चच्या आवारात जावे लागते. चर्चला तेथील बोलीत 'कर्क' आणि त्याच्या आवाराला 'कर्कयार्ड' म्हणतात. तेथील थडग्यांवरील शिळा हे सामान्य शेतकरी व कारागीर कुटुंबांच्या इतिहासाचे महत्त्वाचे आणि अनेकदा एकमेव साधन आहे.

या साधनाचे सामर्थ्य आणि त्याच्या मर्यादा एका परिचित उदाहरणाच्या आधारे तपासण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे. हे उदाहरण म्हणजे कवी रॉबर्ट बर्न्स (१७५९-१७९६) याचे कुटुंब. बर्न्स स्कॉटलंडचा राष्ट्रकवी मानला गेला, म्हणून त्याच्या पूर्वजांचा शोध बारकाईने घेतला गेला. परंतु ते पूर्वज स्वतः प्रसिद्ध नव्हते. त्यांच्यासारखी हजारो कुळे त्या प्रदेशात होती. त्यामुळे या एका कुटुंबाच्या शोधातून जे हाती लागते, ते त्या संपूर्ण वर्गाच्या इतिहासासाठी उपयुक्त ठरते.

ओसाडीची कारणे

जुनी चर्च-आवारे केवळ लोकांच्या बेपर्वाईमुळे ओसाड पडली असे मानणे योग्य होणार नाही. १५६० च्या धर्मसुधारणेनंतर स्कॉटलंडमध्ये चर्चच्या इमारतीत दफन करण्यास विरोध झाला आणि आवारातील दफनाचे महत्त्व वाढले. पुढील दोन-तीन शतकांत अनेक लहान पॅरिश शेजारच्या पॅरिशमध्ये विलीन झाले, नवी चर्चे सोयीच्या जागी बांधली गेली आणि जुन्या इमारतींची छपरे कोसळली. लोक मात्र पूर्वजांच्या शेजारीच पुरले जावे या इच्छेने जुन्या आवारातच दफन करीत राहिले. त्यामुळे चर्च नाही, पण दफनभूमी आहे, अशी असंख्य ठिकाणे निर्माण झाली. जुन्या पॅरिशची आवारे १९२५ च्या कायद्याने स्थानिक शासनाकडे सोपविण्यात आली. तेव्हापासून जमिनीची जबाबदारी शासनाकडे आणि शिळेची जबाबदारी वारसांकडे, अशी विभागणी रूढ झाली. वारस कॅनडात किंवा ऑस्ट्रेलियात गेलेले असतील, तर शिळेला कोणी वाली उरत नाही.

निसर्गही आपले काम करीतच असतो. वालुकाश्माच्या शिळेत पाणी मुरते, थंडीत ते गोठते आणि अक्षरांसह दगडाचा पापुद्रा सुटून येतो. अलीकडे सुरक्षिततेसाठी डळमळीत शिळा आडव्या करून ठेवण्याची पद्धत आहे. शिळा उताणी ठेवली तर तिच्यावर पाणी साचते आणि पालथी ठेवली तर लेखच दृष्टीआड होतो.

नोंदवह्यांतील पोकळी

शिळांवर एवढे अवलंबून का राहावे लागते, हे समजण्यासाठी कागदोपत्री साधनांची स्थिती पाहणे आवश्यक आहे. स्कॉटलंडमध्ये जन्म, विवाह व मृत्यू यांची सक्तीची शासकीय नोंदणी १ जानेवारी १८५५ पासून सुरू झाली. त्यापूर्वी सुमारे ९०० पॅरिशमध्ये चर्च आपापल्या नोंदवह्या ठेवीत असे. त्यांतील सर्वांत जुनी नोंदवही पर्थशायरमधील एरॉल या पॅरिशची असून ती १५५३ पासूनची आहे. मात्र नोंदी ठेवण्यात एकसूत्रीपणा नव्हता. बाप्तिस्म्याच्या नोंदी त्यातल्या त्यात बऱ्या आहेत, विवाहाच्या नोंदी पुष्कळदा केवळ विवाहाच्या घोषणेच्या आहेत आणि दफनाच्या नोंदी अनेक पॅरिशमध्ये नाहीतच. काही ठिकाणी शवपेटीवर घालावयाचे वस्त्र चर्चकडून भाड्याने दिले जाई. त्या भाड्याच्या जमाखर्चावरून मृत्यूचा अंदाज बांधावा लागतो. हिशेबनिसाच्या काटेकोरपणाने इतिहासावर केलेला हा उपकारच म्हटला पाहिजे.

१७८३ मध्ये प्रत्येक नोंदीवर तीन पेन्स कर बसविण्यात आला. तो १७९४ मध्ये रद्द झाला, परंतु मधल्या काळात कर वाचविण्यासाठी अनेकांनी नोंद करण्याचेच टाळले. शिवाय अधिकृत चर्चपासून फुटून निघालेल्या पंथांतील कुटुंबे या वह्यांत सापडत नाहीत. १८५५ च्या मृत्युनोंदींत मृताच्या आईवडिलांची नावे, अपत्ये आणि दफनाचे ठिकाण असा असाधारण तपशील मिळतो. इतका तपशील भरणे जिकिरीचे ठरल्याने पुढच्याच वर्षी त्याला कात्री लागली, दफनस्थळाची नोंद मात्र १८६० पर्यंत होत राहिली. त्या सहा वर्षांतील मृत्युनोंद हाती आली, तर कोणत्या आवारात शोध घ्यावा हे निश्चित होते. त्यामागील काळासाठी शिळेशिवाय गत्यंतर नाही.

ग्लेनबर्वी

स्कॉटलंडच्या ईशान्येस किंकार्डिनशायर हा जिल्हा आहे. त्याच्या शेतीप्रधान भागाला 'मर्न्स' म्हणतात. या भागातील ग्लेनबर्वी येथील जुन्या आवारात बर्न्स कुटुंबाच्या शिळा आहेत. त्यांतील एका शिळेवर जेम्स बर्नेस आणि त्याची पत्नी मार्गारेट फाल्कनर यांची नोंद आहे. जेम्स १७४३ मध्ये वयाच्या ८७ व्या वर्षी वारला आणि मार्गारेट १७४९ मध्ये ९० व्या वर्षी. हा जेम्स म्हणजे कवीचा पणजोबा.

या त्रोटक मजकुरातून किती माहिती मिळते, हे पाहण्यासारखे आहे. पहिली गोष्ट म्हणजे वय. मृत्युवर्षातून वय वजा केले असता जेम्सचा जन्म १६५६ च्या सुमाराचा ठरतो. वृद्धांचे वय सांगताना अतिशयोक्तीची शक्यता असल्याने दोन-चार वर्षांचा फरक गृहीत धरावा लागतो. कालगणनेबाबत मात्र स्कॉटिश शिळा अभ्यासकाला कमी त्रास देतात. स्कॉटलंडने १ जानेवारी हा वर्षारंभ १६०० मध्येच स्वीकारला होता. इंग्लंडमध्ये तो बदल १७५२ मध्ये झाला. त्यामुळे जानेवारी ते मार्चमधील इंग्लिश तारखांबाबत होणारा एका वर्षाचा घोळ येथे होत नाही.

दुसरी गोष्ट जेम्सच्या सामाजिक स्थानाची. ब्रॉलीम्यूर या शेतावरील कूळ अशी त्याची ओळख शिळेवर दिली आहे. स्कॉटिश लेखनात शेताच्या नावामागे येणाऱ्या शब्दयोगी अव्ययाला फार महत्त्व आहे. एखादा मनुष्य अमुक शेता'वरील' असे म्हटले असेल तर तो तेथील कूळ असतो आणि अमुक शेता'चा' असे म्हटले असेल तर तो मालक असतो. हा भेद ज्यांच्या ध्यानात आला नाही, अशा अनेक वंशजांनी आपल्या पूर्वजांना विनासायास जमीनदार करून टाकले आहे.

तिसरी गोष्ट पत्नीच्या नावाची. स्कॉटलंडमध्ये विवाहानंतरही स्त्रीचे माहेरचे आडनाव कायदेशीर कागदपत्रांत आणि थडग्यावर कायम राहत असे. त्यामुळे जेम्सच्या शिळेवर मार्गारेट ही फाल्कनर म्हणूनच येते आणि एका शिळेवरून दोन घराण्यांचा माग लागतो. इंग्लंडमधील शिळांवर बहुधा केवळ 'अमक्याची पत्नी' एवढेच लिहिलेले असे आणि तेथे स्त्रीचे कूळ संपून जाई. स्त्रियांच्या इतिहासाच्या दृष्टीने हा फरक मोठा आहे.

ज्यांना अक्षर येत नव्हते त्यांच्यासाठी दगडावर चिन्हे असत. अठराव्या शतकातील स्कॉटिश शिळांवर कवटी, हाडे व वाळूचे घड्याळ ही मृत्यूची चिन्हे आणि पंख असलेला आत्मा यांच्या जोडीला मृताचा व्यवसायही कोरलेला दिसतो. शेतकऱ्यासाठी नांगराचा फाळ, विणकरासाठी धोटा, लोहारासाठी मुकुटाखाली हातोडा आणि शिंप्यासाठी कात्री व इस्त्री अशी ही चिन्हे होत. नाव झिजून गेले तरी व्यवसाय ओळखू येतो.

जेम्सचा मुलगा रॉबर्ट हा डनॉटर पॅरिशमधील क्लॉखनाहिल या शेतावर होता. त्याची पत्नी इझाबेला कीथ. त्यांचा मुलगा विल्यम (१७२१-१७८४) याने १७४८ मध्ये हे शेत सोडले. एडिंबरोमध्ये काही काळ बागकाम करून तो १७५० मध्ये एअरशायरमध्ये गेला. हा विल्यम कवीचा पिता. या पिढ्या जुळविण्यासाठी कौटुंबिक बायबलमधील नोंदी, पत्रव्यवहार आणि नामकरणाची रूढी यांची मदत होते. थोरल्या मुलाला वडिलांच्या वडिलांचे, दुसऱ्याला आईच्या वडिलांचे आणि तिसऱ्याला वडिलांचे नाव देण्याची पद्धत स्कॉटलंडमध्ये प्रचलित होती. आजोबांचे नाव नातवाला देण्याची चाल मराठी वाचकाला नवी नाही. विल्यमच्या मुलांची नावे अनुक्रमे रॉबर्ट, गिल्बर्ट, विल्यम आणि जॉन अशी आहेत. गिल्बर्ट हे आईच्या वडिलांचे, म्हणजे गिल्बर्ट ब्राउनचे नाव होते. थोरल्या मुलीला आईच्या आईचे ॲग्नेस हे नाव मिळाले. दुसऱ्या मुलीला रूढीप्रमाणे इझाबेला हे नाव मिळावयास हवे होते, परंतु तिचे नाव ॲनाबेला ठेवले गेले. इझाबेला हे नाव १७७१ मध्ये जन्मलेल्या धाकट्या मुलीला मिळाले. तेव्हा ही रूढी मार्गदर्शक असली तरी पुरावा नव्हे.

या कुटुंबासंबंधी दोन आख्यायिका प्रचलित होत्या. पहिली अशी की, आर्गाइलमधील बर्नहाउस येथील वॉल्टर कॅम्पबेल नावाचा एक गृहस्थ राजकीय धामधुमीत पळून मर्न्समध्ये आला आणि आपल्या घराच्या नावावरून त्याने बर्नेस हे नाव धारण केले. थोर पुरुषाचे मूळ एखाद्या मोठ्या घराण्याशी जोडण्याची हौस सर्वत्र सारखीच दिसते. ग्लेनबर्वीची शिळा या कथेला एकटी खोडून काढू शकत नाही. परंतु जेम्सचा जन्म १६५६ च्या सुमाराचा ठरवून ती कालक्रमात एक स्थिर बिंदू देते. बर्नेस हे नाव त्या भागातील कागदपत्रांत या कथित पलायनाच्या पूर्वीपासूनच आढळते, हे लक्षात घेतले की कथेचा आधार निघून जातो.

दुसरी आख्यायिका खुद्द कवीने सांगितली आहे. २ ऑगस्ट १७८७ रोजी डॉ. जॉन मूर यांना लिहिलेल्या आत्मवृत्तपर पत्रात, आपले पूर्वज कीथ मारिशल घराण्याची जमीन कसत होते आणि त्या घराण्याच्या दुर्दैवात सहभागी झाले, असे तो म्हणतो. स्टुअर्ट घराण्याच्या बाजूने १७१५ मध्ये झालेल्या उठावात अर्ल मारिशल सामील होता आणि त्यानंतर त्याची मालमत्ता जप्त झाली, हे ऐतिहासिक सत्य आहे. परंतु पणजोबा ब्रॉलीम्यूरचे कूळ म्हणूनच १७४३ मध्ये मृत्यू पावतो. उठावात उद्ध्वस्त झालेल्या कुटुंबाचे चित्र या शिळेतून दिसत नाही. क्लॉखनाहिलच्या आजोबांबाबत शिळा काहीच सांगत नाही. त्या शाखेची वाताहत झाली हे खरे असले, तरी १७४० च्या भीषण थंडीनंतर आलेली टंचाई आणि न झेपणारा खंड ही कारणे उठावापेक्षा अधिक संभवनीय वाटतात. कवीला पराभूत राजनिष्ठेचा वारसा कर्जबाजारीपणापेक्षा जवळचा वाटला असेल, तर त्यात नवल नाही.

ॲलोवे

विल्यम एअरशायरमध्ये आला तेव्हा त्याच्या पूर्वजांची दफनभूमी देशाच्या दुसऱ्या टोकाला राहिली. ॲलोवे या गावी त्याने १७५७ मध्ये स्वतःच्या हाताने मातीचे घर बांधले. या गावचा पॅरिश १६९० मध्ये एअरला जोडला गेला होता आणि जुने चर्च मोडकळीस आले होते. आवाराची भिंत पडलेली असल्याने गुरे थडग्यांवर चरत असत. विल्यमने दोन-तीन शेजाऱ्यांसह एअरच्या नगरपरिषदेकडे भिंत बांधण्याची परवानगी मागितली आणि वर्गणी गोळा करून आवार बंदिस्त केले. पुढे तो या जागेला आपलीच दफनभूमी मानू लागला आणि पूर्वजांच्या थडग्यांविषयी लोकांना जो आदर वाटतो तोच आदर मुलांनाही या जागेविषयी वाटू लागला, असे त्याचा मुलगा गिल्बर्ट याने लिहून ठेवले आहे. ज्या भूमीत आपला एकही पूर्वज नाही तिची एका परक्या कुळाने केलेली ही निगा, प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने ग्लेनबर्वीच्या शिळेइतकीच महत्त्वाची साक्ष आहे. पूर्वजांची भूमी जन्माने मिळते तशी ती श्रमानेही मिळविता येते, असे विल्यमच्या कृतीवरून दिसते.

१३ फेब्रुवारी १७८४ रोजी लॉखली येथील शेतावर विल्यमचा मृत्यू झाला. जमीनमालकाशी चाललेल्या दाव्याने तो खचून गेला होता. त्याचे शव ॲलोवेला नेऊन त्याने बंदिस्त केलेल्या आवारातच पुरण्यात आले.

पुढे पुराणवस्तूंचे अभ्यासक फ्रान्सिस ग्रोस स्कॉटलंडच्या प्राचीन वास्तूंवर ग्रंथ तयार करीत असता, त्यात ॲलोवेच्या चर्चचे चित्र घ्यावे अशी विनंती बर्न्सने त्यांना केली, कारण तेथे त्याचे वडील विसावले होते. त्या चर्चशी निगडित एखादी चेटकिणींची गोष्ट लिहून द्यावी, अशी ग्रोस यांची अट होती. 'टॅम ओ' शँटर' हे काव्य त्यातून जन्मले आणि १७९१ मध्ये ग्रोस यांच्या ग्रंथात समाविष्ट झाले. काव्य गाजले, प्रवाशांची रीघ लागली आणि स्मृतिचिन्ह म्हणून लोकांनी विल्यमच्या शिळेचे तुकडे फोडून नेले. आज तेथे दिसणारी शिळा नंतर बसविलेली आहे. दुर्लक्षाने शिळा झिजतात हे सर्वांना मान्य आहे, कीर्तीनेही त्या नष्ट होतात याचा विचार फारसा होत नाही.

दगडाची साक्ष कितपत ग्राह्य?

दगडावर कोरलेले ते खरे, अशी एक सहज समजूत असते. बर्न्सच्याच हातून घडलेल्या एका कृतीने ती दूर व्हावी. एडिंबरोच्या कॅननगेट आवारात कवी रॉबर्ट फर्ग्युसन १७७४ पासून अनामिक थडग्यात पडून होता. १७८७ मध्ये बर्न्सने परवानगी काढून त्यावर स्वखर्चाने शिळा उभारण्याची व्यवस्था केली. फर्ग्युसनचा जन्म १७५० चा, शिळेवर मात्र १७५१ हे वर्ष कोरले गेले. शिळा मृत्यूनंतर बऱ्याच वर्षांनी, नात्याबाहेरच्या माणसाने उभारली होती, हे ध्यानात घेतल्यास चूक समजू शकते. म्हणून शिळा केव्हा आणि कोणी बसविली हा प्रश्न तिच्यावरील मजकुराइतकाच महत्त्वाचा आहे. आडनावाच्या लेखनाचेही तसेच आहे. बर्नेस, बर्नेस्स, बर्न्स ही रूपे एकाच कुटुंबाची असून कवीने व त्याच्या भावाने १७८६ मध्ये 'बर्न्स' हे रूप स्थिर केले. आजच्या रूपाचाच आग्रह धरून आवारात फिरणाऱ्याला ग्लेनबर्वीच्या शिळा आपल्या वाटणारच नाहीत.

वाचनाचीही एक शिस्त आहे. तारेच्या ब्रशने शेवाळ खरवडणे किंवा अक्षरांत खडू भरणे यामुळे शिळेची हानी होते. आरशाने किंवा दिव्याने बाजूने तिरपा प्रकाश टाकला असता बुजलेली अक्षरेही उठून दिसतात. मजकूर जसाच्या तसा, चुकांसह उतरवून घेणे आवश्यक असते.

अशी उतरणावळ करणाऱ्यांची परंपरा स्कॉटलंडमध्ये जुनी आहे. रॉबर्ट माँटिथ यांनी १७०४ मध्ये एडिंबरोच्या ग्रेफ्रायर्स आवारातील लेख प्रसिद्ध केले. एकोणिसाव्या शतकात अँड्र्यू जर्विस यांनी ईशान्य स्कॉटलंडमधील लेखांचे दोन खंड सिद्ध केले. चार्ल्स रॉजर्स यांनी देशभरातील स्मारकलेख संकलित केले आणि १८७७ मध्ये बर्न्स घराण्याचा वंशवृत्तांतही लिहिला. विसाव्या शतकात जॉन फाउलर मिचेल व शीला मिचेल या दांपत्याने एकामागून एक जिल्ह्यांतील आवारे पायी फिरून १८५५ पूर्वीचे लेख नोंदविले. त्यानंतर अनेक शिळा वाचण्यापलीकडे गेल्या असल्याने ही हस्तलिखिते व खंड हेच आता मूळ साधन ठरले आहे. मात्र १८५५ ही मर्यादा घातल्याने नंतरच्या शिळा दुर्लक्षित राहिल्या, आणि आता त्यांच्याही झिजण्याची वेळ आली आहे.

या संदर्भात रॉबर्ट पॅटरसन या पाथरवटाचा उल्लेख केला पाहिजे. धर्मासाठी प्राण दिलेल्या कव्हेनंटर पंथीयांच्या शिळांवरील बुजलेली अक्षरे पुन्हा कोरीत तो आयुष्यभर गावोगाव हिंडला. सर वॉल्टर स्कॉट यांना तो डनॉटरच्या आवारात काम करताना भेटला होता. विल्यम बर्नेसने सोडलेले क्लॉखनाहिल याच पॅरिशमधले. स्कॉट यांच्या १८१६ मधील 'ओल्ड मॉर्टॅलिटी' या कादंबरीचे नाव पॅटरसनवरूनच आले आहे. परक्यांची थडगी जपणाऱ्या या माणसाने स्वतःच्या बायकामुलांना मात्र वाऱ्यावर सोडले होते.

मॉन्ट्रोज आणि मुंबई

विल्यमचा थोरला भाऊ जेम्स मॉन्ट्रोज या बंदराच्या गावी स्थायिक झाला. त्याचा मुलगा, जेम्स बर्नेस याच नावाचा, तेथे वकिली करीत असे. कवी आणि हा चुलतभाऊ यांचा पत्रव्यवहार विल्यमच्या अखेरच्या आजारापासून सुरू झाला. मृत्यूपूर्वी नऊ दिवस, १२ जुलै १७९६ रोजी, तुरुंगवासाच्या भीतीने कवीने दहा पौंड मागितले ते याच चुलतभावाकडे. त्याचे दोन नातू, जेम्स आणि अलेक्झांडर, १८२१ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेत मुंबईस आले. अलेक्झांडर बर्न्स बुखाऱ्याच्या प्रवासामुळे प्रसिद्ध झाला आणि २ नोव्हेंबर १८४१ रोजी काबूलमध्ये मारला गेला. डॉ. जेम्स बर्न्स कच्छमध्ये शल्यचिकित्सक होता. पुढे मुंबईत त्याने १८४३ मध्ये 'रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया' हे भारतीयांना प्रवेश देणारे फ्रीमेसन मंडळ स्थापन केले. मायदेशी परतल्यावर १८५१ मध्ये त्याने आपल्या नावाविषयी व कुटुंबाविषयी टिपणे खाजगी वितरणासाठी छापली. घरापासून सर्वाधिक दूर गेलेल्या शाखेनेच कुळाची कागदपत्रे जुळविण्याचा खटाटोप करावा, हे स्थलांतरितांच्या इतिहासात वारंवार दिसून येते. आज स्कॉटलंडच्या आवारांत शिळा शोधणारे अनेकजण समुद्रापलीकडून आलेले असतात, ते याच परंपरेतले.

ग्लेनबर्वीतील बर्नेस कुटुंबाच्या शिळांची एकोणिसाव्या शतकात डागडुजी झाली आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्यांच्यावर निवारा उभारण्यात आला. त्याच आवारातील इतर कुळांच्या शिळा उघड्यावर आहेत. त्यांच्यावरील नावेही ब्रॉलीम्यूरसारख्याच शेतांची आणि जेम्स-मार्गारेटसारख्याच माणसांची आहेत. त्यांच्या नातवंडांत कोणी कवी झाला नाही, एवढाच काय तो फरक.